रावेरखेडीला पाहण्यासारखे काय आहे?

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवी वर्षात शाळेने काय काय करावे, याविषयी गेले वर्षभर सूचनांचा ओघ चालू आहे. सभागृहाचे नूतनीकरण, ग्रंथालय, शिष्यवृत्त्या, स्नेहभोजन, अशा मोठ्या विषयांवर माझ्याआधीचे वक्ते बोलले. माझा विषय त्या मानाने लहान आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि आठवी-नववीची मुले यांनी मिळून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहा दिवसांचा प्रवास करावा असे ठरले आहे. प्रवास रस्त्याने, इंदूरहून निघून इंदूरला परत. वाटेत माळव्यातील आणि निमाडातील जुनी नगरे, शेवटी सातपुड्यातील पचमढी. त्याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मुख्याध्यापिकेने सहलीच्या वेळापत्रकावर अर्धा तास बोलावे, याची काहींना गंमत वाटेल. तथापि मला बोलण्यास एक कारण आहे, आणि ते ओघात येईलच.

प्रथम स्थळांची यादी. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी विचारणा केली तेव्हा तीन दिवसांत तेवीस ठिकाणे जमा झाली. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, धार, बाघची लेणी, भोजपूर, भीमबेटका, सांची, उदयगिरी, पचमढी, तामिया, पातालकोट आणि आणखी कितीतरी. प्रत्येक नावामागे कुणाचा तरी जिव्हाळा होता. एका विद्यार्थिनीने लग्नानंतर प्रथम पाहिलेले ठिकाण सुचवले होते, एकाने वडिलांची जिथे नोकरी होती ते. या तेवीस नावांत मी स्वतःहून चोविसावे घातले: रावेरखेडी. त्यावर पुण्यात स्थायिक झालेल्या एका विद्यार्थ्याने लिहिले, ‘बाई, रावेरखेडीला पाहण्यासारखे काय आहे?’

प्रश्न रास्त होता. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. आज देते.

तेवीस ठिकाणे सहा दिवसांत बसवायची म्हणजे दिवसाला चार. कागदावर ती बसतात. कागदावर काहीही बसते. नववीच्या मुलांना मी भिंतीवरचा नकाशा आणि दोरा दिला आणि महेश्वर ते मांडू हे अंतर मोजायला सांगितले. दोरा सरळ धरला तर सुमारे सव्वीस किलोमीटर भरले. मग त्यांनी फोनवर रस्त्याचे अंतर पाहिले, ते चाळिसाच्या आसपास निघाले. उरलेले चौदा किलोमीटर कुठे गेले, असे मी विचारले. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ते डोंगरात गेले.’ भूगोलाच्या पुस्तकातले समोच्च रेषांचे प्रकरण त्या दिवशी मला शिकवावे लागले नाही. महेश्वर नर्मदेच्या काठी, निमाडच्या सखल भागात आहे. मांडू विंध्याच्या कडेवर, सुमारे दोन हजार फुटांवर. मधला चढ दोऱ्याला दिसत नाही.

तीच गोष्ट वेळेची. फोन जो वेळ सांगतो तो एकट्या मोटारीचा असतो, न थांबणारीचा. चाळीस मुले, दहा आजी-आजोबा आणि ज्यांना गाडी लागते अशी तीन-चार माणसे घेऊन निघालेल्या बसला तो वेळ लागू नाही. माझा हिशेब असा की सपाट चौपदरी रस्त्यावर फोनच्या वेळेत चौथाई मिळवावी आणि घाटात दीडपट धरावी. त्यातून डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा वेळापत्रक घड्याळाच्या चोवीस तासांचे करायचे नसते, उजेडाच्या अकरा तासांचे करायचे असते. त्यातून जेवण, चहा आणि प्रत्यक्ष पाहण्याचा वेळ वजा केला की चाकांवर घालवायला पाच-सहा तास उरतात.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवले नाही. स्मरणिकेसाठी जुने दप्तर चाळताना मागच्या महिन्यात सहलींच्या अहवालांची फाइल हाती लागली. सतरा वर्षांपूर्वीच्या नववीच्या सहलीचा अहवाल माझ्या हस्ताक्षरात आहे. तेव्हा मी सहशिक्षिका होते आणि त्या सहलीची आखणी पूर्णपणे माझी होती. अहवालाच्या शेवटी वाक्य आहे, ‘प्रवास सुखरूप पार पडला.’

त्या दिवशीचा माझा आराखडा असा होता. भोपाळहून पहाटे पाचला निघायचे, सांची पाहायची, परत भोपाळवरून भोजपूर, मग भीमबेटका, संध्याकाळी होशंगाबादचा सेठाणी घाट आणि रात्रीच्या जेवणाला पचमढी. नकाशा मांडीवर घेतला असता तर दिसले असते की सांची भोपाळच्या ईशान्येला आणि पचमढी आग्नेयेला. एकाच दिवशी दोन निराळ्या दिशांना धावायचा तो बेत होता. पण पालकांकडून वर्गणी घेतली आहे, तर मुलांना जितके जास्त दाखवता येईल तितके दाखवावे, असा माझा त्या वेळी प्रामाणिक समज होता. भीमबेटक्याच्या गुहांपुढे आम्ही चाळीस मिनिटे होतो. मुले चित्रांकडे पाहत होती आणि मी घड्याळाकडे.

पिपरियाला पोहोचलो तेव्हा रात्रीचे सव्वाआठ वाजून गेले होते. मटकुलीनंतर घाट सुरू झाला. मागच्या बाकांवर दोन मुलींना उलट्या होत होत्या. मी त्यांच्यापाशी होते. एका वळणावर बस डावीकडे ओढली गेली, दगडी कठड्याला घासल्याचा आवाज झाला आणि गाडी थांबली. कुणालाही खरचटलेसुद्धा नाही. पुष्कळशी मुले झोपेत होती, त्यांना कळलेही नाही. चालक खाली उतरला, त्याने तोंडावर पाणी मारले. मी त्याला रागावण्यासाठी गेले होते. तो एवढेच म्हणाला, ‘मैडम, दस मिनट सो लेने दो.’ विचारल्यावर कळले की आदल्या रात्री तो बसच्या बाकावर झोपला होता. मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी मी धर्मशाळेत खोल्या घेतल्या होत्या. चालक आणि क्लीनर यांच्यासाठी खोली घ्यायची असते, हे माझ्या कागदावर नव्हते. दुपारी त्याने जेवण केले होते की नाही, तेही मी पाहिले नव्हते.

तो स्टिअरिंगवर डोके ठेवून झोपला. आम्ही दिवे बंद करून बसलो. चव्वेचाळीस मुले, आम्ही तीन शिक्षिका. मी खाली उतरून बसच्या मागे टॉर्च दाखवत उभी राहिले, वरून-खालून येणारी वाहने धडकू नयेत म्हणून. दहा मिनिटांची पंचवीस मिनिटे झाली, मी त्याला उठवले नाही.

ही हकिकत मी कुणाही पालकाला सांगितली नाही. तत्कालीन मुख्याध्यापकांना ‘घाटात थोडा उशीर झाला’ एवढेच सांगितले. त्या बसमधील काही विद्यार्थी आज समोर बसलेले आहेत, त्यांतील दोघांची मुले आता आपल्याच शाळेत पहिलीत आहेत. तुमच्या आईवडिलांना हे तेव्हाच कळायला हवे होते. आज सांगते, उशिरा सांगते, आणि चूक चालकाची नव्हती हेही सांगते.

म्हणून या वेळच्या आराखड्यात पहिली ओळ मुक्कामाच्या खोल्यांची आहे आणि त्यात प्रत्येक गावी चालकांची खोली आधी लिहिली आहे. लांब पल्ल्याच्या दोन दिवशी प्रत्येक बसवर दोन चालक असतील. याने खर्च वाढतो. खजिनदारांनी त्याबद्दल विचारणा केली, त्यांना मी हीच गोष्ट सांगितली. मग त्यांनी पुढे काही विचारले नाही.

आता मार्ग. तेवीसमधून काय काय वगळले ते आधी ऐकावे, म्हणजे नाराजी एकदाच होईल. उज्जैन वगळले, कारण ते आपल्या अंगणात आहे. ओंकारेश्वर वगळले. यावर काही आजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. मोरटक्क्यावरून ज्योतिर्लिंग अवघ्या बारा-तेरा किलोमीटरवर आणि बस वळवायची नाही! परंतु इंदुरात राहून ओंकारेश्वराला न गेलेले असे आपल्यात कितीजण आहेत? जिथे आपण एरवी जातोच, तिथे या सहलीने जाण्याचे कारण नाही. सांची वगळताना मात्र मला खरोखर वाईट वाटले. सांचीला अर्धा दिवस देणे हा सांचीचा अपमान आहे, आणि पूर्ण दिवस आपल्यापाशी नाही. बाघ, तामिया, पातालकोट ही पुढच्या कुणा मुख्याध्यापिकेसाठी ठेवली आहेत.

पहिला दिवस रावेरखेडीचा. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरून चोरल, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद आणि तिथून आडवाटेने नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे हे खेडे. इंदूरहून सुमारे शंभर किलोमीटर. १७४०च्या फेब्रुवारीत नासिरजंगाशी तह होऊन हंडिया आणि खरगोण ही जहागीर मिळाली, तिची व्यवस्था लावण्यासाठी थोरले बाजीराव इकडे आले. उन्हाळा होता. ज्वर आला आणि २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीच्या तळावर त्यांचे निधन झाले. वय वर्षे एकोणचाळीस. तिथे त्यांची समाधी आहे.

माझ्या पुण्याच्या विद्यार्थ्याला उत्तर असे, की पाहण्यासारखे फारसे काही नाही. दगडी समाधी, भोवती तट, खाली नदी. पण मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले होते, ‘बाई, आपण मराठी लोक इकडे का राहतो?’ मी तोच प्रश्न वर्गाला परत विचारला. उत्तरे आली, ‘आजोबांची बदली झाली होती’, ‘बाबांची कंपनी इथे आहे’, ‘आम्ही आधीपासूनच इथे आहोत’. एकालाही सांगता आले नाही, की १७२८च्या नोव्हेंबरात धारजवळ अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदाराच्या फौजेचा पराभव केला. १७३७च्या डिसेंबरात बाजीरावांनी भोपाळपाशी निजामाला कोंडले आणि १७३८च्या जानेवारीत दोराहा सराईच्या तहाने माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क निजामाने मान्य केला. आणि शिंदे, होळकर, पवार यांच्यामागून कारकून, पुजारी, शिलेदार, वैद्य, हलवाई असे करत करत आपली घरे इकडे आली. बदली झालेल्या आजोबांना इंदुरात मराठी शाळा, मराठी शेजार आणि गणपतीची आरास तयार मिळाली, ती यामुळे. मराठी माध्यमाची शाळा मराठी मुलखाबाहेर साठ वर्षे चालते, पटसंख्येची काळजी करत का होईना पण चालते, याचे मूळ कारण नर्मदेच्या त्या काठावर आहे. मुलांनी ते पुस्तकात वाचलेले आहे. त्या तटाच्या सावलीत बसून डबा खाताना ते त्यांना निराळे कळेल, असे मला वाटते. कळेलच अशी खात्री देत नाही. चाळिसातील पाचांना कळले तरी शंभर किलोमीटर सार्थकी लागले असे मी धरीन.

तिथे अडीच तास ठेवले आहेत. भाषण नाही. मी तर नक्कीच करणार नाही.

तिथून मागे बडवाहला येऊन मंडलेश्वरमार्गे महेश्वर. सूर्यास्ताच्या दीड तास आधी घाटावर पोहोचलेच पाहिजे, त्या हिशेबाने सकाळी साडेसहाची वेळ ठरवली आहे. अहिल्याबाईंनी १७६७पासून १७९५पर्यंत राज्य केले, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्या बाईने घाट आणि मंदिरे बांधवली, तिची स्वतःची राहती जागा तिथे किती साधी आहे, हे मुलींनी जरूर पाहावे. अनंत फंदींची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच. बाईंनी कानउघाडणी केली आणि शाहिराने लावणी सोडून कीर्तन धरले, असे सांगतात. महेश्वरात दुसऱ्या दिवशीची सकाळ मी हातमागांना दिली आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या रेहवा सोसायटीमुळे आणि तिथल्या विणकर कुटुंबांमुळे ही कला टिकून आहे. महेश्वरी लुगड्याच्या काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून आलेली आहे. तेव्हा आधी घाट पाहायचा, मग माग. उलट क्रमाने पाहिले तर काठ नुसता सुंदर दिसतो. या क्रमाने पाहिले तर तो ओळखीचा वाटतो. पालक महिलांना खरेदीसाठी एक तास दिला आहे. तो पुरणार नाही हे मला माहीत आहे.

स्थळे कोणती यापेक्षा ती कोणत्या क्रमाने घ्यायची, यावर मी अधिक दिवस घालवले. दुपारी आपण मांडूला चढू. संध्याकाळी रूपमतीच्या मंडपावर उभे राहिले की खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ चमकते. इंदूरहून थेट मांडूला गेलेला प्रवासी ती रेघ पाहतो आणि ‘वा’ म्हणतो. आपली मुले आदल्या दिवशी त्या रेघेत पाय बुडवून आलेली असतील. सरळ मार्गाने गेलो असतो तर मांडू आधी आणि महेश्वर नंतर आले असते, डिझेलही थोडे वाचले असते. मी क्रम उलटवला तो त्या एका रेघेसाठी.

मांडूला एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची अर्धी सकाळ आहे. मुंज आणि कपूर या दोन तळ्यांच्या मधला जहाजमहाल, हिंडोलामहाल, जामी मशीद आणि होशंगशाहाचा संगमरवरी मकबरा एवढेच पाहायचे. मकबऱ्याच्या दारावर १६५९ सालचा लेख आहे, मोगल दरबारातील स्थपती येथे येऊन गेल्याची ती नोंद. मोठे कारागीरही दुसऱ्याचे काम पाहायला प्रवास करत, हे आमच्या चित्रकलेच्या सरांनी मुलांना तिथेच सांगायचे आहे. रूपमतीच्या मंडपाची चढण ज्यांना झेपणार नाही त्यांनी खाली रेवाकुंडापाशी थांबावे. त्यांच्यासोबत एक शिक्षिका आणि चहाचा थर्मास राहील. आजी-आजोबांना बसमध्ये बसवून ठेवायचे नाही. बसमध्ये बसून राहण्यासाठी कुणी घरून निघत नाही. रस्त्यावर गोरखचिंचेची फळे विकायला असतात, तिकडे त्याला मांडूची इमली म्हणतात. त्या झाडांचे मूळ आफ्रिकेतले. जेवणाला दाल-पानिये सांगितले आहेत, पानांत गुंडाळून भाजलेले मक्याचे पानगेच ते. ज्यांना मका चालत नाही त्यांनी आधी कळवावे.

तिसऱ्या दिवशी मांडूहून धार, मग इंदूरला वळसा घालून भोपाळ, सुमारे दोनशे नव्वद किलोमीटर. हा लांबीचा दिवस आहे, पण मांडू उतरल्यावर बहुतेक रस्ता चांगला आणि सपाट. धारला किल्ल्यापाशी फक्त एक तास. दुसरे बाजीराव १७७५च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात जन्मले. राघोबादादांच्या पळापळीच्या काळात आनंदीबाईंना तिथे आश्रय मिळाला होता. ज्याच्या नावाने पेशवाईचा दरारा वाढला तो रावेरखेडीला गेला, आणि ज्याच्या हातून ती बुडाली तो धारला जन्मला. दोन्ही गावे आपल्या मार्गावर, एका दिवसाच्या अंतरावर. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून सोयीचा मार्ग मिळाला नसता. आणि मी आखताना हे माझ्या ध्यानात नव्हते, एका माजी विद्यार्थिनीने निदर्शनास आणून दिले.

चौथ्या दिवशी भोपाळहून भीमबेटका. २००३मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेली ही जागा १९५७मध्ये डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी प्रकाशात आणली. वाकणकर उज्जैनचे, आपल्यातलेच. आगगाडीच्या खिडकीतून त्यांना डोंगरावरचे ते खडक दिसले आणि ते पाहायला गेले. त्या डब्यात इतर प्रवासीही असतीलच. या वेळी भीमबेटक्याला अडीच तास आहेत. मुलांना वह्या-पेन्सिली द्यायच्या, एकाने एकच चित्र निवडायचे आणि तेवढेच उतरवायचे. सतरा वर्षांपूर्वीच्या मुलांचे माझ्याकडे ते देणे आहे, ते यांना देते.

पुढे नर्मदापुरम, म्हणजे जुने होशंगाबाद. २०२२पर्यंत जे नाव होते ते मांडूच्या त्याच होशंगशाहाचे. आदल्याच दिवशी त्याचा मकबरा मागे सोडून आलेल्या मुलांनी हे स्वतःहून ओळखावे, म्हणून मार्गदर्शक पत्रकात ते लिहिलेले नाही. पालकांनी कृपया आधी सांगून टाकू नये. तिथे पुन्हा नर्मदा ओलांडायची, न थांबता. कारण पिपरिया दुपारी तीनच्या आत गाठून घाट उजेडात चढायचा आहे. काही कारणाने चारपर्यंत पिपरिया आले नाही तर आपण तिथेच मुक्काम करू, पचमढीच्या खोल्यांचे पैसे बुडाले तरी. हा नियम मी आज सर्वांसमक्ष सांगते आहे, म्हणजे त्या वेळी ‘बाई, आता तासाभराचाच तर रस्ता’ असे कुणी म्हणणार नाही. आणि मलाही तसे म्हणता येणार नाही.

पचमढीला दोन रात्री. साडेतीन हजार फुटांवरचे हे गाव कॅप्टन फोर्सिथने शोधले असे फलकांवर लिहिलेले असते. कोरकू लोक तिथे आधीपासून राहत होते, त्यांना ते हरवलेले नव्हते. बायसन लॉज, जटाशंकर आणि धूपगडावरून सूर्यास्त, एवढाच कार्यक्रम आहे. सातपुड्याच्या या सर्वोच्च शिखरावर जायला वनखात्याच्या परवानगीच्या जीप लागतात. त्यांची नोंदणी आमचे क्रीडाशिक्षक सकाळीच जाऊन करतील. समोर चौरागड दिसेल. महाशिवरात्रीला विदर्भातून खांद्यावर त्रिशूळ घेऊन चालत येणारे भाविक त्या डोंगरावर शेकडो पायऱ्या चढून ते महादेवाला वाहतात. आपण त्या पायऱ्या चढणार नाही. पण मराठी माणूस सातपुड्यात थंड हवेसाठी पुष्कळ उशिरा आला, त्याआधी तो नवस फेडायला येत होता, हे लक्षात असावे. पाचव्या दिवसाची दुपार मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. त्या चौकटीत काय लिहायचे, असे तिघांनी विचारले. काहीही नाही. ज्याला झोपायचे आहे त्याने झोपावे.

सहाव्या दिवशी सकाळी सातला निघून थेट इंदूर, सुमारे तीनशे नव्वद किलोमीटर, दोन चालक, भोपाळला जेवण, आणि वाटेत कोणतेही प्रेक्षणीय स्थळ नाही.

पालकसभेत एका आईने संकोचत विचारले होते, की मुलींसाठी स्वच्छतागृहांची सोय कुठे कुठे आहे. तेवीस ठिकाणे सुचवणाऱ्यांपैकी हे कुणीही विचारले नव्हते, आणि माझ्या मते संपूर्ण नियोजनातला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. दोन शिक्षिका गेल्या पंधरवड्यात हा पूर्ण मार्ग मोटारीने करून आल्या. दर दोन तासांच्या आत जिथे थांबता येईल अशा जागा त्यांनी प्रत्यक्ष आत जाऊन पाहिल्या आणि नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. रावेरखेडीच्या बाबतीत सनावदला थांबूनच पुढे जायचे, असे ठरले. हा नकाशा बाहेर फलकावर लावला आहे. मी इतका वेळ इतिहास सांगितला, पण जाण्यापूर्वी तो नकाशा सर्वांनी अवश्य पाहावा.

ज्यांना गाडी लागते त्यांची नावे वेगळी द्यावीत, त्यांना पुढची बाके राखून ठेवली आहेत. मधुमेही पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळा बसच्या वेळांआधी ठरवल्या आहेत. प्रत्येक संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर पालकांना शाळेकडून एक संदेश जाईल, आणि उशीर झाला तर ‘थोडा उशीर’ असे न लिहिता का आणि किती ते लिहिले जाईल.

नावे शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. पहिल्या दिवशी सकाळी सव्वासहाला शाळेच्या फाटकाशी जमायचे आहे. त्या दिवसाचा डबा प्रत्येकाने घरून आणावा, आणि बसमागे चार घरांनी एकेक डबा जास्तीचा आणावा. त्या दिवशीही प्रत्येक बसवर चालक आणि क्लीनर असे दोघे असतील. दोन डबे दुपारचे, दोन संध्याकाळचे.